गाडी चालवणं आणि गाडा हाकणं



आज आम्ही मोटारसायकलच्या शर्यतीची गोष्ट सांगणार आहोत. शेळ्यांचं लसीकरण, मसाल्याचं पॅकिंग असे विषय सोडून आज हे काय मध्येच, असं तुम्ही म्हणाल. आमच्यातलीही एक जण तसंच म्हणाली होती. पण गोष्ट पुरती ऐकल्यावर तीच म्हणाली, “अगं, ही तर आपल्या गटाचीच अडचण आहे.”

अडचण अशी असते. उत्तम काम करणारी बाई गटाची अध्यक्ष होते. तिच्या हातचा पापड फाटत नाही, तिच्या मसाल्याला दुकानदार नाव ठेवत नाही, म्हणून सगळ्या जणी एकमुखानं तिचंच नाव सुचवतात. वर्षभरानं बघावं तर ती दमलेली असते आणि बाकीच्या रुसलेल्या. ऑर्डर आली की तीच लाटते, तीच वाळवते आणि तीच एस.टी.त पिशव्या टाकून तालुक्याला पोहोचवते. हिशोबाची वही मात्र तीन महिने मागे पडलेली. काम करणं वेगळं आणि काम चालवणं वेगळं, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

आज ज्यांची गोष्ट सांगणार आहोत त्यांनी आधी गाडी चालवली आणि मग गाडा हाकला. त्यांच्यानंतर तो गाडा हाकायची वेळ त्यांच्या बायकोवर आली. गोष्ट इटली देशातली आहे.

छोट्या गाडीचा मोठा स्वार

फाउस्तो ग्रेसिनी यांचा जन्म १९६१ साली इटलीतल्या इमोला गावचा. ते १२५ सीसीच्या गाड्यांच्या शर्यतीत उतरायचे. १२५ सीसी म्हणजे किती? आपल्या गावात दूध घालायला, बाजाराला जायला ज्या गाड्या वापरतात, त्यांची इंजिनं साधारण शंभर ते सव्वाशे सीसीचीच असतात. अर्थात शर्यतीची गाडी वेगळी बांधलेली असते, हलकी आणि फार वेगवान. पण इंजिनाचा आकार तेवढाच.

या गाडीवर ग्रेसिनी दोनदा जगज्जेते झाले, १९८५ साली आणि १९८७ साली. १९८७ मध्ये त्या गटाच्या ११ शर्यती होत्या. त्यातल्या १० त्यांनी जिंकल्या. एका शर्यतीत ते पडले, नाहीतर सगळ्याच त्यांच्या झाल्या असत्या. अशा जागतिक शर्यती त्यांनी एकूण २१ जिंकल्या. १९९४ साली त्यांनी स्वतः शर्यतीत उतरणं थांबवलं.

तेव्हा त्यांचं वय होतं तेहेतीस. आपल्याकडे या वयात माणूस संसारात नुकता रुळलेला असतो. शर्यतीच्या धंद्यात मात्र तेव्हा बहुतेकांची उतरण सुरू झालेली असते. मग पुढं काय? बक्षिसांच्या ढाली भिंतीवर लावून जुन्या आठवणी सांगत बसता येतं. ग्रेसिनींनी दुसरी वाट धरली. १९९७ साली त्यांनी स्वतःचा संघ काढला. ॲलेक्स बारोस नावाचा ब्राझीलचा स्वार त्यांच्या संघाकडून धावू लागला. संघाचं ठिकाण इमोलाजवळच्या फाएन्झा गावात.

संघ चालवायचा म्हणजे काय करायचं?

टी.व्ही.वर शर्यत बघताना आपल्याला गाडीवरचा माणूस दिसतो. वळणावर तो इतका कलतो की त्याचं कोपर जमिनीला घासतं. आपल्याला वाटतं, सगळं त्याच्याच हातात आहे. पण त्याच्या मागं एक अख्खं घर राबत असतं.

वरच्या वर्गाच्या शर्यतीला मोटोजीपी म्हणतात. तिथं एका संघाचे सहसा दोन स्वार असतात आणि प्रत्येकाला दोन गाड्या. पाऊस आला तर दुसऱ्या गाडीवर बसायचं, एक पडून मोडली तर दुसरी तयार ठेवायची. प्रत्येक स्वारामागं एक मुख्य तंत्रज्ञ असतो. त्याच्या हाताखाली मेकॅनिक असतात. गाडीला लावलेल्या यंत्रांतून आलेले आकडे वाचणारा माणूस वेगळा, टायरचं बघणारा वेगळा. टायर गार पडले तर रस्ता धरत नाहीत, म्हणून शर्यतीआधी त्यांना विजेवर गरम होणारी गोधडी गुंडाळून ठेवतात. सामान हलवणारे, जेवण करणारे, पत्रकारांशी बोलणारे हे आणखी वेगळे. वर्षाला वीस-बावीस शर्यती, आज स्पेनमध्ये तर पुढं जपानमध्ये. एवढा बारदाना देशोदेशी न्यायचा आणि परत आणायचा.

यात पैसा येतो कुठून? ग्रेसिनींसारखा स्वतंत्र संघ गाडी स्वतः बनवत नाही. मोठ्या कंपनीकडून ती भाड्यानं घेतो. बरीच वर्षं त्यांच्याकडे होंडाच्या गाड्या होत्या. नंतर काही वर्षं त्यांनी एप्रिलिया कंपनीबरोबर भागीदारीत काम केलं. गाडीचं भाडं, माणसांचे पगार, प्रवास, हे सगळं भागवायला शर्यत भरवणाऱ्यांकडून काही रक्कम मिळते. बाकीची जाहिरातदारांकडून आणावी लागते. गाडीवर आणि स्वाराच्या अंगावर जी नावं दिसतात ती त्यांचीच. म्हणजे संघप्रमुखाचा बराचसा वेळ जातो तो लोकांना भेटण्यात, करार वाचण्यात आणि पुढच्या वर्षाचे पैसे याच वर्षी जमवण्यात. आपल्या भाषेत सांगायचं तर बी-बियाणं उधारीवर, नांगर भाड्यानं, आणि पीक येईपर्यंत मजुरी रोजच्या रोज द्यायची.

सगळ्यांत अवघड गोष्ट पुढंच आहे. शर्यत सुरू झाली की संघप्रमुखाच्या हातात जवळजवळ काही उरत नाही. ग्रेसिनींच्या काळात स्वाराच्या कानात बोलायला यंत्र नव्हतं. सरळ रस्त्याच्या कडेला भिंत असते, तिथून एक माणूस पाटी उंच धरतो. तू कितवा आहेस, पुढच्याशी किती अंतर आहे, किती फेऱ्या राहिल्या, एवढंच त्या पाटीवर मावतं. ती वाचायला स्वाराला डोळ्याची पापणी लवावी एवढाच वेळ मिळतो. जो माणूस एकेकाळी अकरापैकी दहा शर्यती स्वतः जिंकत होता, त्यानं आता चाळीस-पंचेचाळीस मिनिटं पडद्याकडे बघत बसायचं. समोर चूक होताना दिसली तरी “सरक बाजूला, मी करून दाखवतो” म्हणायची सोय नाही.

आमच्या मते चालवणाऱ्याचं खरं शिक्षण इथंच होतं. आपल्याला जे उत्तम येतं ते दुसऱ्याच्या हाती सोपवायचं आणि हात बांधून उभं राहायचं. जे काही सांगायचं, शिकवायचं, पारखायचं ते आधी करून ठेवायचं.

चालवलेल्या माणसाचा उपयोग

मग स्वतः गाडी चालवल्याचा पुढं काहीच उपयोग नाही का? आहे. स्वार येऊन म्हणतो, “वळणात पुढचं चाक धरत नाहीये.” ज्यानं कधी गाडी चालवली नाही त्याच्यासाठी ते नुसतं वाक्य असतं. जो पडला आहे त्याला त्या वाक्यातली भीती कळते. कुठला पोरगा घाबरलाय आणि कुठला कुरकुरतोय हेही त्याला ओळखू येतं. लाटणारीला लाटणारीचं मनगट कळतं, तसं.

माणसं पारखायचं हे काम ग्रेसिनींना चांगलं जमलं. २००१ साली त्यांच्या संघातला जपानचा दाइजिरो कातो २५० सीसी गटात जगज्जेता झाला. १६ शर्यतींपैकी ११ त्यानं जिंकल्या. २०१० साली मोटो-टू हा नवा गट सुरू झाला, त्याचा पहिला जगज्जेता तोनी एलियास ग्रेसिनींच्याच संघातला. २०१८ साली होर्खे मार्टिन या तरुण पोरानं त्यांच्या संघाकडून मोटो-थ्रीचं जगज्जेतेपद मिळवलं. पुढं २०२४ साली तोच पोरगा दुसऱ्या एका संघाकडून मोटोजीपीचा जगज्जेता झाला. आपण घडवलेली मुलं मोठी होऊन दुसरीकडे जातात. चालवणाऱ्याला हेही पचवावं लागतं. आपल्या गटात शिकून तयार झालेली मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते आणि तिथं गट उभा करते, तेव्हा आपल्याला होतं तसंच.

ज्याचा हिशोब वहीत मावत नाही

या धंद्यात एक जबाबदारी अशी आहे की ती कुठल्याच वहीत मांडता येत नाही. स्वत:च्या गाडीवर माणूस स्वत:चा जीव धोक्यात घालतो. संघ चालवतो तेव्हा दुसऱ्याच्या पोराला गाडीवर बसवतो.

२००३ साली मोसमाची पहिलीच शर्यत जपानमध्ये, सुझुका इथं होती. कातोच्या स्वतःच्या देशात. ६ एप्रिलला त्या शर्यतीत त्याला भीषण अपघात झाला आणि दोन आठवड्यांनी तो गेला. पुढची शर्यत दक्षिण आफ्रिकेत होती, त्याच्या जाण्यानंतर जेमतेम आठवड्यानं. संघातला दुसरा स्वार सेते गिबर्नाउ तिथं उतरला, जिंकला आणि तो विजय त्यानं कातोला वाहिला.

२०११ साली पुन्हा तेच. २३ ऑक्टोबरला मलेशियात सेपांगच्या शर्यतीत मार्को सिमोन्चेल्ली पडला आणि मागून येणाऱ्या गाड्यांखाली सापडून गेला. मोकळ्या कुरळ्या केसांचा, हसरा, चोवीस वर्षांचा पोरगा. इटलीतल्या मिसानो इथल्या शर्यतीच्या मैदानाला पुढं त्याचं नाव दिलं गेलं.

अशा वेळी संघप्रमुखानं काय करायचं, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत. आईबापांसमोर उभं राहावं लागतं. मेकॅनिकांना सावरावं लागतं, कारण गाडी त्यांनीच बांधलेली असते. पुढं जायचं की थांबायचं हेही ठरवावं लागतं. ग्रेसिनींनी दोन्ही वेळा संघ चालू ठेवला. ते बरोबर की चूक, याचा निवाडा आपण करू नये. आम्हाला एवढंच दिसतं की त्या संघावर पन्नासेक घरांची चूल पेटत असेल, तर “मला आता सहन होत नाही” एवढं म्हणून मोकळं होता येत नाही.

आणि मग नादियाबाई

२०२० साल सरता सरता ग्रेसिनींनी मोठा निर्णय जाहीर केला. २०२२ पासून संघ पुन्हा स्वतंत्र होणार, आपल्या पायावर उभा राहणार. शर्यत भरवणाऱ्या संस्थेशी तसा पाच वर्षांचा करार झाला. गाडी कुठल्या कंपनीची घ्यायची हे ठरायचं होतं. त्याच डिसेंबरात त्यांना कोरोना झाला. जवळजवळ दोन महिने ते दवाखान्यात होते. २३ फेब्रुवारी २०२१ला बोलोन्या शहरात ते गेले. वय साठ.

मैत्रिणींनो, ते दिवस आपल्याला आठवतात. त्यानंतर दोन महिन्यांत आपल्याकडे दुसरी लाट आली. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरातला कर्ता माणूस तेव्हाच गेला. दहावं-तेरावं होतं न होतं तोच प्रश्न उभे राहिले. सोसायटीचं कर्ज किती आहे? उसाचं बिल कुणाच्या खात्यात येतं? सात-बारावर नाव कुणाचं आहे? पासबुक कुठं ठेवलंय? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न, हे सगळं आता कोण बघणार? सल्ला देणारे पुष्कळ येतात. “वहिनी, तुम्हाला काय जमणार, विकून टाका,” असं म्हणणारेही येतात.

नादिया पादोवानी यांच्यापुढं तोच प्रश्न होता. घरात चार मुलं. नवऱ्याचा संघ त्यांनी जवळून पाहिला होता, पण त्याचा कारभार कधी हाती घेतला नव्हता. स्वातंत्र्याचा करार झालेला, गाडीचा पत्ता नाही, आणि ज्यानं हे ठरवलं तो माणूस नाही. संघ बंद केला असता तरी त्यांना कुणी दोष दिला नसता.

त्यांनी संघ हाती घेतला. त्यांनी स्वतः मेकॅनिक व्हायचं ठरवलं नाही आणि सगळं मला कळतं असा आवही आणला नाही. नवऱ्याची जुनी, विश्वासाची माणसं जागेवर ठेवली आणि ज्याचं काम त्याला करू दिलं. त्याच वर्षी दुकाती कंपनीशी करार झाला. पण गाड्या मिळाल्या त्या आदल्या वर्षीच्या बनावटीच्या. कंपनी आपली नवी गाडी आधी स्वतःच्या संघाला देते, हे उघडच आहे.

६ मार्च २०२२. कतार देशात मोसमाची पहिली शर्यत, रात्री दिव्यांच्या उजेडात. नादियाबाईंच्या संघाचा पोरगा एनेआ बास्तियानिनी त्या जुन्या बनावटीच्या गाडीवर मागून एकेकाला गाठत आला आणि पहिला आला. शेवटच्या फेरीत नादियाबाईंच्या डोळ्यांतून वाहणारं पाणी जगभरच्या लोकांनी टी.व्ही.वर पाहिलं. या सर्वांत वरच्या वर्गात बाई मालक असलेला संघ जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. त्या वर्षी बास्तियानिनीनं चार शर्यती जिंकल्या आणि वर्षअखेर तो तिसरा आला.

हे एकदाच घडलं असतं तर नशीब म्हणता आलं असतं. पण २०२३ साली फाबियो दि जानान्तोनिओनं याच संघाकडून शर्यत जिंकली. त्याच वर्षी सप्टेंबरात ही मंडळी आपल्या देशातही येऊन गेली. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत झाली. तिथं संघातला ॲलेक्स मार्केझ पात्रता फेरीतच पडला आणि त्याच्या बरगड्या मोडल्या. संघानं त्याला सोडलं नाही. २०२४ साली त्याचा मोठा भाऊ मार्क या संघात आला. मार्क आधी आठ वेळा जगज्जेता झालेला, पण हाताच्या मोठ्या दुखापतीनंतर हजार दिवसांहून जास्त काळ त्याला शर्यत जिंकता आली नव्हती. इथं, पुन्हा एकदा आदल्या वर्षीच्या गाडीवर, त्यानं तीन शर्यती जिंकल्या. त्यातली एक मिसानोला, सिमोन्चेल्लीच्या नावाच्या मैदानावर. आणि नोएडात बरगड्या मोडून घेतलेला ॲलेक्स २०२५ साली जगात दुसरा आला.

आपल्या गटासाठी

ग्रेसिनी किती चांगले चालवणारे होते याचा पुरावा आम्हाला १९९७ ते २०२० या वर्षांत दिसतो, त्याहून जास्त २०२१ नंतरच्या वर्षांत दिसतो. ते गेले आणि संघ मोडला नाही. करार कागदावर होते. माणसं तयार होती आणि आपापलं काम ओळखून होती. सगळं एकाच माणसाच्या डोक्यात असतं तर नादियाबाईंनी कितीही धीर धरला असता तरी त्यांच्या हाती काय लागलं असतं?

म्हणून पुढच्या बैठकीत आपापल्या गटात चार गोष्टी बोलून बघा.

पहिली, आपल्या गटाचं कोणतं काम एकाच बाईला येतं? दुकानदाराशी भाव ठरवणं असेल, बँकेची स्लिप भरणं असेल, मसाल्याचं प्रमाण असेल. त्या प्रत्येक कामाला जोडीला दुसरी बाई लावा. पहिलीनं शिकवायचं आणि मग बाजूला बसायचं. दुसरीचा पहिला पापड वाकडा होईल. होऊ द्या.

दुसरी, गटाची वही आज कुणीही उघडली तर तिला कळेल का? बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, कुणाकडून किती यायचं आणि कुणाला किती द्यायचं, हे त्या त्या बैठकीत लिहून झालं पाहिजे. “माझ्या लक्षात आहे” हे वाक्य गटाला महागात पडतं.

तिसरी, बँकेत कुणाच्या सह्या चालतात? पदाधिकारी बदलल्या असतील तर बैठकीत ठराव करा, तो वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि त्याची प्रत बँकेत देऊन सह्या बदलून घ्या. जुनीच सही चालू ठेवली तर अडीअडचणीच्या दिवशी पैसे अडकतात.

चौथी गोष्ट घरची. नवऱ्यासोबत बसून एकदा सगळे कागद काढा. कर्ज, विमा, पासबुक, सात-बारा, वारसाचं नाव. “असं अभद्र कशाला बोलायचं” असं घरात कुणीतरी म्हणेलच. त्यांना सांगा, पाऊस यायच्या आधी घर शाकारतो तेव्हा आपण पावसाला शिव्या देत नाही.

आणि अध्यक्ष असलेल्या मैत्रिणींना एक खास सांगणं. पुढच्या ऑर्डरला एक दिवस तुम्ही लाटणं हातात घेऊ नका. नुसत्या बसा आणि बघा. हात शिवशिवतील. शर्यतीच्या रस्त्याकडेला पाटी धरून उभ्या असलेल्या त्या माणसाची आठवण काढा. लाटणाऱ्या जणी चुकतील, एकमेकींना विचारतील, मग जमवतील. संध्याकाळी तुमच्या हाताला पीठ लागलेलं नसेल आणि ऑर्डर पुरी झालेली असेल. त्या दिवशी काय झालं ते आम्हाला नक्की कळवा, पुढच्या भागात सगळ्यांना ऐकवू.

भेटू पुढच्या आठवड्यात, याच वेळी. तोवर वही पुरी करून ठेवा. नमस्कार.